स्टॅनीच्या वाट्याची रोझरी

रेजिनाला गप्प बसवील असा माणूस वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात अजून जन्माला यायचाय, असं लोक म्हणायचे, आणि ते काही उगाच म्हणत नव्हते. तुळिंजच्या बाजारात तिने आयुष्यभर मासळी विकली. एखादी बाई पापलेटाचा कल्ला उचलून नाक मुरडायला लागली की रेजिना म्हणायची, "नाक कशाला मुरडतेस गो बाय? ताजा हाय. शिळा बघायचा तर घरी नवरा हाय ना तुझा!" बाई हसायची आणि मुकाट्याने मासळी घेऊन जायची.

पण बोलायला समोर माणूस लागतो. गोष्ट इतकी साधी, की माणूस असेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. आधी तिचे गुडघे गेले, गुडघ्यांबरोबर बाजार गेला, आणि मग स्टॅनी गेला. स्टॅनी म्हणजे तिचा नवरा, बोटीवरचा तांडेल, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. शेजारी फ्लॉसी होती, तर तीही लेकीकडे भाईंदरला राहायला गेली. पलीकडचं घर कोणा मुंबईवाल्याने घेऊन ठेवलंय, त्याला बारा महिने कुलूप. घर खायला उठतं म्हणतात ना, ते रेजिनाला आता कळायला लागलं होतं.

तसा स्टॅनी होता तेव्हा तरी कुठे बोलायचा? बोटीवर त्याच्या हाकेने खलाशी थरथरायचे म्हणे, पण घरात शिरला की तोंडाला टाळं. "जेवन वाढू?" "हूं." "कालवन खारट झालं काय?" "ऊंहूं." संपलं संभाषण! रेजिना त्याला म्हणायची, "तुझ्याशी बोलन्यापरीस बोंबलाशी बोललेलं बरं, त्याचं तोंड तरी उघडं असतं." यावरही तो नुसता मिशीत हसायचा.

मात्र दिवेलागणीला मोतमाऊलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, तसबिरीपुढे दोघं बसली की स्टॅनीला वाचा फुटायची. रोझरी ही काही एकट्याने म्हणायची गोष्ट नव्हे. एकाने 'नमो मारिये' म्हणत अर्धी प्रार्थना सांगायची, दुसऱ्याने 'पवित्र मारिये' म्हणत उरलेली अर्धी उचलायची, तेव्हा कुठे माळेतला एक मणी पुढे सरकतो. पहिला अर्धा रेजिनाचा, दुसरा स्टॅनीचा. लग्न झाल्यापासून हेच. नवराबायकोचं जे काय बोलणं व्हायचं ते त्या माळेवर व्हायचं. तिला वाटायचं, दिवसभराचे सगळे शब्द हा मेला एवढ्यासाठी राखून ठेवतो.

तो गेल्यावर तिने दोन्ही अर्धे स्वतःच म्हणून पाहिले. जमेना. आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं, याला काय अर्थ आहे? पहिला अर्धा झाला की ती सवयीने थांबायची आणि त्या थांबण्यात तिला रडू फुटायचं. मग एका संध्याकाळी, का कोण जाणे, तिने दुसरा अर्धा घसा खाली उतरवून म्हटला. स्टॅनी म्हणायचा तसा, घोगरा, थोडा घाईत, शेवटचं आमेन अर्धं गिळून. "आम्हा पाप्यांसाठी आता आनि आमच्या मरनाच्या वेळी..." अंगावर काटा आला तिच्या. हुबेहूब! तेव्हापासून रोज ती आपल्या वाट्याची रोझरी आपल्या आवाजात म्हणायची आणि स्टॅनीच्या वाट्याची स्टॅनीच्या आवाजात. कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हातारी चळली.

एवढा एक तास सोडला तर बाकी सगळा जीव रविवारात अडकलेला. रविवारी एल्रॉय यायचा. एल्रॉय तिचा एकुलता एक मुलगा. आता तुम्हाला वाटेल पोरगा कॅनडाला असेल, दुबईला असेल. अहो कसलं काय, विरारला! रिक्षात बसलं तर सूर्य मावळायच्या आत दोनदा जाऊन येता येईल एवढं अंतर. चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, अंधेरीला कंपनीत नोकरी, बायको रोवेना शाळेत शिकवते. रविवारची चर्चमधली मिस्सा झाली की तिघं यायची, तो, रोवेना आणि छोटा शॉन. रेजिना शनिवारपासूनच कामाला लागायची. कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या. पोरं जेवायची, शॉन मोबाइल बघायचा, एल्रॉय आईच्या खाटेवर आडवा होऊन घोरायचा. त्याचं ते घोरणंसुद्धा तिला गोड लागायचं. सोमवार ते शनिवार ती त्याच्यावरच काढायची.

मग ती मोरीत घसरली. हाड मोडलं नाही ही मोतमाऊलीची दया, पण सकाळी पडलेली बाई दुपारी सुके बोंबील मागायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला सापडली. एल्रॉय ऑफिस टाकून धावत आला. त्याने आईला उचलून विरारला नेलं. नेलं, खोटं कशाला बोला! रोवेनाने सेवाही केली. पण दिवस उजाडला की तिघं तीन दिशांना, आणि चौदाव्या मजल्यावर रेजिना आणि टीव्ही. दाराबाहेर पाऊल टाकलं तर समोर लिफ्ट, लिफ्टमध्ये कोणी बोलेल तर शपथ. महिन्याभरात तिनेच सामान बांधलं. "माझ्या घरी निदान दर्याचा आवाज तरी येतो," ती म्हणाली. एल्रॉय खूप भांडला, शेवटी तिला परत सोडून गेला, आणि पंधरा दिवसांनी त्याने मागवलेलं मशीन आलं.

मशीन म्हणजे दोन वस्तू. एक मनगटावर बांधायचा पट्टा, घड्याळासारखा, आणि एक डबा, पावडरच्या डब्याएवढा, तसबिरीशेजारच्या फळीवर ठेवलेला. बसवायला कंपनीची बाई आली होती, आचोळ्याची प्रीतल. चाळिशीची, बोलायला गोड. तिने सगळं समजावलं. पट्टा नाडी बघतो, झोप बघतो, पडलात तर मुलाला कळवतो. डबा सकाळी विचारपूस करतो.

"आणि मावशी, तुम्ही काय बोलता ते आम्ही ऐकत नाही हां," प्रीतल म्हणाली. "तुमचं खासगी ते खासगी. मशीन फक्त आवाज धरतं. घरात किती बोलणं झालं, किती जणं बोलली, एवढंच. त्याच्यावरून ते तुमचा एकटेपणा काढतं."

"एकटेपना काढतं?" रेजिनाचे डोळे मोठे झाले.

"काढतं म्हणजे मोजतं हो मावशी."

"आगो, मग काढतं कोन?"

प्रीतल खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

एल्रॉयच्या मोबाइलवर रंग दिसायचा. हिरवा म्हणजे आई मजेत, पिवळा म्हणजे जरा लक्ष द्या, लाल म्हणजे धावा. आणि पहिल्या दिवसापासून रंग हिरवा तो हिरवाच. पहिल्या रविवारी पोराने आईचा हात हातात घेऊन पट्ट्याचा मुका घेतला. म्हणाला, "आय, किती दिवसांनी शांत झोपलो माहितीय? रोज रात्री मला वाटायचं, तू पडली असशील." रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी काळजी करतं माझं पोर! या पट्ट्याचं भलं होवो, असं तिने तेव्हा मनापासून म्हटलं.

काय ठाऊक होतं बिचारीला, की भीती होती तोवरच पोरगा येत होता.

पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याला शॉनची क्रिकेटची मॅच निघाली. मग रोवेनाच्या शाळेचं काही. मग नुसताच फोन. "आय, बरी आहेस ना? ग्रीन आहे सगळं. या संडेला जरा दमलोय गं." रेजिना म्हणायची, "निज बाबा, निज." आणि आणलेली कोळंबी उचलून गल्लीच्या टोकाच्या घरी देऊन यायची. आता म्हणाल, सरळ सांगायचं होतं, ये म्हणून. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय कोळीण भाव सांगते, कोणापुढे हात पसरत नाही. बोलवल्यावर आलेला पोरगा तिला नकोच होता. तो आपणहून यायला हवा होता.

आणि मग एका फोनवर एल्रॉयने तो प्रश्न विचारला.

"आय, रोज संध्याकाळी कोण येतं गं घरी?"

"कोन? कोन नाय."

"लपवतेस काय! मशीनवर येतं ना सगळं. रोज संध्याकाळी दोन जणांचं बोलणं. एक तू, आणि एक जेन्ट्स आवाज." तो हसायला लागला. "कोण आहे सांग ना. मी काय रागावणारे? उलट बरं वाटतं गं. कंपनीवाले सांगत होते, आख्ख्या वसईत तुझा रिपोर्ट बेस्ट आहे. लोकांच्या आया रडत बसतात आणि तू रोज गप्पा मारतेस!"

रेजिनाला काही म्हणजे काही कळेना. मशीन बिघडलं असेल म्हणाली तर एल्रॉय म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही. आणि जाता जाता त्याने सांगितलं, की शॉनला रविवारच्या पोहण्याच्या क्लासला घातलंय, म्हणजे आता रविवारचं जरा कठीणच, पण तुला सोबत आहे म्हटल्यावर आमच्या जिवाला घोर नाही.

संध्याकाळी ती माळ घेऊन बसली. नमो मारिये म्हणाली. घसा उतरवला, पवित्र मारिये म्हणाली, आणि फळीवरच्या डब्याचा बारकासा दिवा लुकलुकला. ती थांबली. दिवाही थांबला. पुन्हा स्टॅनीच्या आवाजात दोन शब्द म्हणाली. पुन्हा लुकलुकला.

"आग माझे माते!" रेजिनाने कपाळावर हात मारून घेतला.

आधी तिला हसू आलं. असं हसू आलं की माळ हातातून पडली. अरे मेल्या स्टॅनी, जिवंतपणी एक शब्द बोलला नाहीस आणि मेल्यावर गप्पिष्ट झालास! आख्ख्या वसईत नंबर काढलास! हसता हसता ते हसू कुठे विरलं ते तिचं तिला कळलं नाही. कारण हिशेब आता लख्ख दिसत होता. रोज संध्याकाळी स्टॅनी या घरात येत होता, म्हणून रविवारी एल्रॉय येत नव्हता. तिने स्वतःच्या गळ्याने पोराची वाट बंद केली होती.

तिने पडलेली माळ उचलून तसबिरीपुढे ठेवली. मग नवऱ्याशी बोलली, पण मनातल्या मनात, ओठ न हलवता. म्हणाली, थोडे दिवस गप ऱ्हा. तुला काय जड नाय, तू गपच असायचास. पोराला येऊ दे.

बोलायला सोपं. पण त्या दिवसापासून मुकी रोझरी सुरू झाली आणि पहिल्या मण्यापासून रेजिनाचा जीव कासावीस झाला. मनात म्हटलेल्या प्रार्थनेला आवाज नसतो. तिचाही नाही, त्याचाही नाही. पहिला अर्धा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळेना. माळ संपायची आणि वाटायचं, कोणी आलंच नाही. रोज दिवेलागणीला भेटणारा माणूस तिने दारातून परत पाठवला होता, आणि हे करणं तिला त्याला मातीत ठेवण्यापेक्षा जड गेलं. तेव्हा निदान चार माणसं धरायला होती.

डब्याला मात्र कंठ फुटला. "रेजिनाजी, आज आपण फारच शांत आहात. एखादं गाणं ऐकायला आवडेल का?" रेजिनाने त्याच्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाखालून तो म्हणाला, "हसणं आरोग्यासाठी उत्तम असतं." असा संताप आला तिला! बाजार असता तर कोयता घेऊन उठली असती.

ती बोललीच नाही. दिवसचे दिवस. गल्लीत कोणी हाक मारली तर बाहेर जाऊन बोलायची, घरात तोंडात मूग. हिरव्याचा पिवळा झाला असेल, पिवळ्याचा लाल, ते तिला दिसत नव्हतं. ती फक्त फोनकडे बघत होती. आणि एका भर कामाच्या दिवशी, ऑफिसातून, एल्रॉयचा फोन आला.

"आय, काय झालं? ते जे कोण यायचे ते यायचे बंद झाले का? भांडलीस का कोणाशी?"

रेजिनाने तोंड उघडलं आणि इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. "कोन नव्हता रे येत. मीच होते. तुझ्या पप्पाचा आवाज काढून मी रोझरी म्हनायची. एकटीला अर्धी म्हनवत नाय. त्या डब्याला वाटलं मानूस हाय." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिने मागितलं. "एल्रॉय, मी एकटी असते रे. लय एकटी असते. तू येत नाय. रविवार आला का मी दारात बसते, नि तू येत नाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. एवढा मोठा बाप्या ऑफिसात बसून रडत होता. "मला सांगायचंस ना गं आय," तो म्हणाला. "पप्पांची आठवण मला काय येत नाही? थांब, मी करतो. काहीतरी करतोच मी. प्रॉमिस."

फोन ठेवल्यावर रेजिनाने टॉवेलसकट डब्याला नमस्कार केला. म्हणाली, जा, तुला माफ केलं.

शुक्रवारी पुन्हा फोन आला. दर्याकडून वारं सुटलं की पाचूबंदरात फोन निम्मा कळतो, निम्मा जातो. एल्रॉय खुशीत होता. "आय, ऐक... रविवारी येतंय हां! बारा वाजेपर्यंत. घरीच राहा." पुढचं काही कळलं नाही, फोन तुटला.

पण एवढं बस होतं. येतंय! 'येतोय' म्हणाला असता तर ते मोठ्या, नोकरीवाल्या, चौदाव्या मजल्यावरच्या माणसाचं बोलणं झालं असतं. पण पोराला किती का टक्कल पडेना, आईला ते पोरच, आणि पोर 'येतंय'. लहानपणी शाळेतून धावत यायचा तेव्हा गल्लीच्या टोकापासून ओरडायचा, "आये, तुझं पोर येतंय!" तेच बोलला, तस्संच बोलला. रेजिना दोन दिवस तो एक शब्द तोंडात घोळवत होती.

रविवारी पहाटेच्या मिस्सेला जाऊन आली. गुडघे बोंबलत होते, बोंबलोत. धक्क्यावरून कोळंबी आणली, हलव्याच्या तुकड्या आणल्या, शॉनला काटे नकोत म्हणून. भाकऱ्या थापल्या. फुलांची साडी नेसली, केसांत अबोली माळली. बाराच्या सुमाराला रिक्षा वाजली आणि ती दारात धावली. धावली म्हणजे तिच्यापरीने.

रिक्षातून प्रीतल उतरली.

"हॅलो मावशी! एल्रॉयसरांनी सांगितलंय ना, आज नवीन मशीन येतंय म्हणून?" तिने पिशवीतून नवा डबा काढला. पहिल्यापेक्षा थोडा मोठा, पांढराशुभ्र. "खास संडेला आले हां तुमच्यासाठी. एल्रॉयसर मागेच लागले होते."

रेजिनाने तिच्यामागे पाहिलं. रिक्षा वळून गेली होती. "पोर?" ती म्हणाली.

"कोण पोर?"

रेजिना बाजूला झाली आणि तिने प्रीतलला आत घेतलं. प्रीतल फळीवरचा टॉवेल काढून, जुना डबा उचलून, वायरी लावत बोलत होती. नवीन सोय आहे मावशी. गेलेल्या माणसाचा आवाज थोडा जरी कुठे मिळाला ना, तर त्याच्यावरून मशीन त्यांच्यासारखं बोलतं. सरांनी किती खटपट केली माहितीय? सरांच्या लग्नाच्या व्हिडिओत पप्पा माइकवर दोन शब्द बोललेत, ते काढले. पप्पांनी त्यांना मोबाइलवर आवाज भरून पाठवलेलं, बोंबील ठेवलेत, घेऊन जा, ते सगळं सरांनी जपून ठेवलंय. सगळं दिलं आम्हाला. आणि रोझरी तर खास घातली आहे. तुम्ही पहिला भाग म्हणा, बघा तर खरं.

रेजिनाने बघितलं नाही, म्हटलंही नाही. प्रीतलनेच मोबाइलवर बोट लावलं.

"पवित्र मारिये, देवाच्या माते," डबा म्हणाला, "आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन."

तो स्टॅनीच होता. घोगरेपणा तोच, घसा तोच. रेजिनाने भिंतीला हात टेकला. पण स्टॅनीने जन्मात कधी 'मरण' म्हटलं नव्हतं, तो 'मरन' म्हणायचा, जसा सगळा कोळीवाडा म्हणतो. हा स्टॅनी पुस्तकातलं बोलत होता. प्रत्येक ण जिथल्या तिथे. घाई नाही, दमणं नाही, आणि आमेन स्वच्छ, पूर्ण, एकही अक्षर न गिळलेलं. कोणी त्याला धुऊन, इस्त्री करून परत पाठवला होता.

"कसं वाटलं?" प्रीतलचे डोळे भरून आले होते. तिलाही बिचारीला बाप नव्हता.

"जेवून जा," रेजिना म्हणाली. "जेवन केलंय."

"अय्यो मावशी, मी नॉनव्हेज नाही खात. भाकरी द्या ना, लोणच्याबरोबर खाते."

तर अशी रविवारची पंगत झाली. चार ताटांपैकी एका ताटात भाकरी आणि लोणचं. जेवता जेवता प्रीतलनेच एल्रॉयला फोन लावून दिला.

"आय! आवडलं?" त्याचा आवाज असा, जसा शॉनचा वाढदिवसाला असतो. "मी ऐकलं तेव्हा दहा मिनिटं रडलो गं. वाटलं, पप्पा किचनमधून बोलतायत. आता तुला आवाज काढायला नको. आता ते स्वतः म्हणतील तुझ्याबरोबर."

रेजिनाला ओरडायचं होतं. पण इतक्या प्रेमाने केलेल्या गोष्टीवर ओरडायचं कसं? शिवी द्यावी असं त्याने काही केलंच नव्हतं. तिने फक्त विचारलं, "तू कवा येनार, एल्रॉय?"

"येऊ ना गं, येणारच. मंथ एंड होऊ दे. पण आता तसं टेन्शन नाही ना आय? आता पप्पा आहेत ना सोबत."

प्रीतल गेली. रेजिनाने कालवण झाकून ठेवलं, केसांतली अबोली काढली आणि खाटेवर बसली. दिवेलागणीला डबा आपणहून बोलला. "रेजिना, रोझरीची वेळ झाली."

रेजिना! स्टॅनीने तिला आयुष्यात नावाने हाक मारली नव्हती. अगो, एवढंच. तिचं डोकं फिरलं. ती फळीपुढे जाऊन उभी राहिली आणि इतक्या दिवसांची गप्प बसलेली बाई त्या डब्यावर सुटली.

"तू मेलास," ती म्हणाली. "ऐकतोस? तू मेलास."

"मला नीट समजलं नाही," स्टॅनी म्हणाला. "पुन्हा सांगशील का?"

तिने पुन्हा सांगितलं. हॉस्पिटलात कसा मेलास ते सांगितलं, शेवटी पानी मागितलंस आणि डॉक्टरने देऊ दिलं नाय ते सांगितलं. पेटी उचलताना एल्रॉय कसा कोसळला ते सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा सांगशील का? तिने फ्लॉसी गेल्याचं सांगितलं, बाजार सुटल्याचं सांगितलं, दारात बसून काढलेले रविवार सांगितले. तुझा पोर पन तुझ्यासारखाच, ती म्हणाली, प्रेम करतो नि दिसत नाय. ती रडली, भांडली, त्याला मेल्या म्हणाली, राजा म्हणाली. दर वेळी त्याच शांत, दमदार, शुद्ध आवाजात त्याने विचारलं, पुन्हा सांगशील का? आणि घसा बसेपर्यंत ती सांगत राहिली.

सकाळी एल्रॉयचा आवाजी मेसेज आला होता. "आय, काय गप्पा मारल्यात गं काल पप्पांशी! आख्खा ग्रीन, असा ग्रीन मी कधी बघितलाच नव्हता. असंच राहा. लव्ह यू."

त्या संध्याकाळी तिने डब्याची पिन काढून टाकली. दिवा विझला. रंग लाल होवो नाहीतर काळा होवो, म्हणाली, आज मला माझा स्टॅनी पाहिजे. माळ घेऊन बसली. नमो मारिये म्हणाली, थांबली, आणि घसा खाली उतरवला.

"...आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन."

ती दचकली. स्वच्छ ण. पूर्ण आमेन. तिने पुन्हा सुरुवात केली, मुद्दाम घाई केली, मुद्दाम आमेन गिळला, पण गिळलेलं ते नाटकातल्यासारखं वाटलं. तिने डोळे मिटून जुन्या संध्याकाळी आठवून पाहिल्या, स्टॅनीची मिशी आठवली, खोकला आठवला, बोटांत फिरणारी माळ आठवली. आवाज तेवढा आठवेना. कानात होता तो डब्यातला. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, माळेचा एक मणी पुढे सरकला नाही.

मग ती भिंतीला धरून उठली आणि तिने पिन परत लावली.